एक खिडकी, चार रेपो आणि सेटिंग्जची पळापळ

या अंकासाठी निवडलेल्या पत्रांत तक्रार एकच आहे, तोंडं वेगळी. एकमेकांवर अवलंबून असलेले तीन-चार प्रकल्प एडिटरमध्ये एकत्र उघडले की गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग्ज एकमेकांच्या पायात येतात. उत्तरांआधी एक खुलासा: आज्ञा, फाइलींची नावं आणि सेटिंग्ज या सदरात उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली जातात. यंत्रावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण दर वेळी कुणीतरी 'चालत नाही' म्हणून कळवतंच.

प्रश्न : ताई, कोल्हापुरात आमची सहा जणांची छोटी फर्म आहे. साखर कारखान्यांसाठी वजनकाट्याचं बिलिंग, पतसंस्थांसाठी एक ॲप आणि दोन्हींत वापरली जाणारी एक सामायिक लायब्ररी, असे आमचे तीन रेपो (गिटने सांभाळलेले प्रकल्पांचे फोल्डर). शिवाय मुंबईच्या एका ग्राहकाचं पोर्टल, तेही त्यांच्याच सर्व्हरवर, व्हीपीएनच्या पलीकडे. मी व्हीएस कोड या एडिटरमध्ये 'काम' नावाचा वरचा फोल्डर उघडते. बिलिंग, पतसंस्था आणि सामायिक थेट त्याच्या आत आहेत, पोर्टल मात्र 'काम/ग्राहक/पोर्टल' असं. तीन गोष्टी छळतात. पोर्टल सोर्स कंट्रोलच्या (एडिटरमधल्या गिटच्या खिडकीच्या) यादीत कधी दिसतं, कधी नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या '.व्हीएसकोड' फोल्डरात वेगळी सेटिंग्ज लिहिली, पण ती लागू होत नाहीत. आणि पोर्टलमध्ये माझ्या घरच्या ईमेलने कमिट्स (बदलांच्या नोंदी) गेली. त्यांच्या टीम लीडने विचारलं, 'ही बाई कोण?'

उत्तर : तिसरं दुखणं जास्त झोंबणारं आहे, तरी सुरुवात दुसऱ्यापासून करते. बाकीचा गुंता तिथूनच सुटतो.

'.व्हीएसकोड/सेटिंग्ज.जेसन' ही फाइल व्हीएस कोड फक्त उघडलेल्या फोल्डरच्या मुळाशी शोधतो. तुम्ही 'काम' उघडता, म्हणून मूळ 'काम'. 'काम/बिलिंग/.व्हीएसकोड' मध्ये काय लिहिलंय ते तो बघायलाही जात नाही. चूक दाखवत नाही, रेघ ओढत नाही, सरळ काणाडोळा करतो. उद्या तुम्ही नुसतं 'बिलिंग' उघडलंत तर हीच फाइल मुकाट्याने लागू होते. म्हणून सेटिंग लहरी वाटतं. लहरी काही नाही, तुम्ही दार कुठलं उघडता त्यावर सगळं आहे.

यावरचा इलाज २०१७ च्या अखेरीपासून व्हीएस कोडमध्ये आहे आणि तरी कित्येक जण तो वापरत नाहीत: मल्टी-रूट वर्कस्पेस. वरचा फोल्डर उघडायचा नाही. फाइल मेनूतल्या 'ॲड फोल्डर टू वर्कस्पेस' ने चारही प्रकल्प एकेक करून जोडायचे आणि 'सेव्ह वर्कस्पेस ॲज' म्हणायचं. '.कोड-वर्कस्पेस' शेपटीची एक साधी जेसन फाइल तयार होते. तिच्यात 'फोल्डर्स' ही यादी आणि 'सेटिंग्ज' हा भाग असतो. आता चारही फोल्डर आपापल्या जागी मूळ ठरतात आणि प्रत्येकाची '.व्हीएसकोड' फाइल वाचली जाते. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजा एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाचा विजेचा मीटर वेगळा, तसं.

यादीतले पाथ सापेक्ष ठेवा, म्हणजे 'सी ड्राइव्ह, अमुक युजर, तमुक फोल्डर' असं पूर्ण पत्ता लिहिलेलं नको. ही फाइल 'काम' मध्येच ठेवली तर पाथ नुसता 'बिलिंग', 'सामायिक' असा राहतो आणि नव्या सहकाऱ्याला तशीच देता येते. देताना पोर्टलची ओळ काढून द्या. ग्राहकाचा प्रकल्प सगळ्यांच्या यादीत असायचं कारण नाही.

आता पातळ्या तीन झाल्या: युजर, वर्कस्पेस, फोल्डर. जास्त जवळची जिंकते. फोल्डरचं सेटिंग वर्कस्पेसवर मात करतं, वर्कस्पेसचं युजरवर. इथे एक खोच आहे. फोल्डरच्या पातळीवर सगळीच सेटिंग्ज चालत नाहीत. जी अख्ख्या खिडकीला लागतात ती एका फोल्डरपुरती कशी बदलणार? अशी ओळ फोल्डरच्या फाइलीत लिहिली की ती फिकट दिसते, आणि कर्सर वर नेला की एडिटर सांगतो: या वर्कस्पेसमध्ये हे लागू होणार नाही, हा फोल्डर स्वतंत्र उघडाल तेव्हा होईल. फिकट ओळ दिसली की ती उचलून '.कोड-वर्कस्पेस' फाइलीत न्यायची, एवढंच. गिटची रोजच्या कामाची बरीचशी सेटिंग्ज, उदाहरणार्थ ऑटोफेच, स्मार्ट कमिट, ब्रँच प्रोटेक्शन, फोल्डरपुरती ठेवता येतात.

पोर्टलच्या लपंडावाकडे येऊ. 'गिट.ऑटोरिपॉझिटरीडिटेक्शन' हे सेटिंग मुळात चालू असतं आणि चालू असताना ते दोन ठिकाणी शोधतं: उघडलेल्या फोल्डरच्या आतले फोल्डर, आणि ज्या फाइली उघड्या आहेत त्यांचे वरचे फोल्डर. पहिल्या शोधाची खोली 'गिट.रिपॉझिटरीस्कॅनमॅक्सडेप्थ' ठरवतं आणि ती मुळात १ असते. बिलिंग, पतसंस्था, सामायिक एक पायरी आत, म्हणून सापडतात. पोर्टल दोन पायऱ्या आत, म्हणून नाही. पण पोर्टलमधली एखादी फाइल तुम्ही उघडलीत की दुसरा शोध लागू होतो आणि पोर्टल यादीत टपकतं. 'कधी दिसतं, कधी नाही' याचं गूढ इतकंच. मल्टी-रूटमध्ये पोर्टल स्वतःच मूळ झालं की प्रश्न मिटतो. खोली २ केलीत तरी मिटेल, पण काही जण वैतागून ती उणे एक, म्हणजे अमर्याद, करतात आणि मग एडिटर सगळी अडगळ धुंडाळत बसतो. तसं करू नका.

जाता जाता टर्मिनलमध्ये 'काम' मध्ये जाऊन तिथेच एखादा '.गिट' फोल्डर पडलाय का ते बघा. कधीतरी चुकीच्या जागी नवा रेपो सुरू करणारी 'गिट इनिट' ही आज्ञा मारलेली असते आणि वरचा फोल्डरच रेपो होऊन बसतो. मग सोर्स कंट्रोलमध्ये नवख्या फाइलींचा डोंगर दिसतो. व्हीएस कोड हल्ली वरच्या फोल्डरातला रेपो उघडण्याआधी विचारतो, पण विचारलेल्याला वाचायच्या आधीच 'येस' म्हणणारे आपणच.

पोर्टलच्या बाबतीत ऑटोफेचचाही त्रास होत असणार, तुम्ही लिहिला नसला तरी. ते चालू असेल तर दर १८० सेकंदांनी एडिटर सर्व्हरला विचारायला जातो, व्हीपीएन बंद असेल तर आपटतो. मूळ सेटिंग बंदच असतं, म्हणजे तुम्ही कधीतरी युजर पातळीवर चालू केलं असेल तरच हे होईल. उलटं करा: युजरला बंद, आणि आपल्या तीन फोल्डरांत चालू. ग्राहकाच्या रेपोत आपली '.व्हीएसकोड' फाइल घुसवायची वेळच येत नाही. आलीच, तर तिचं नाव त्यांच्या '.गिटइग्नोर' मध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) लिहू नका, ती त्यांची फाइल आहे. '.गिट/इन्फो/एक्सक्लूड' मध्ये लिहा. ती फक्त तुमच्या यंत्रावर राहते आणि कुणाला दिसत नाही. अट एकच, ग्राहकाने स्वतःची '.व्हीएसकोड/सेटिंग्ज.जेसन' आधीच कमिट केलेली नसावी; मग एक्सक्लूडचा उपयोग नाही.

आता 'ही बाई कोण'. ईमेल हे एडिटरचं कामच नाही. व्हीएस कोडच्या सेटिंग्जमध्ये कितीही शोधलंत तरी ते सापडणार नाही, कारण तो गिटला विचारतो आणि गिट आपल्या फाइलींत बघतो: यंत्राची, तुमच्या होम फोल्डरमधली '.गिटकॉन्फिग', आणि रेपोच्या आतली '.गिट/कॉन्फिग'. बहुतेक जण रेपोमध्ये जाऊन 'गिट कॉन्फिग युजर.ईमेल' करतात. चालतं. पण पुढच्या महिन्यात नवा क्लोन (रेपोची प्रत) घेतला की परत विसरतात. मी गिटच्या २.१३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, असलेली अट वापरायला सांगेन. होममधल्या '.गिटकॉन्फिग' मध्ये, नेहमीच्या '[युजर]' भागाच्या खाली:

[इन्क्लूडइफ "गिटडिर:~/काम/ग्राहक/"]
पाथ = ~/.गिटकॉन्फिग-ग्राहक

आणि '.गिटकॉन्फिग-ग्राहक' या नव्या फाइलीत फक्त ग्राहकाने दिलेला ईमेल. शेवटच्या तिरक्या रेघेकडे लक्ष द्या. ती असली तर त्या फोल्डराखालचे सगळे रेपो धरले जातात, नसली तर नाही. '[युजर]' च्या खाली लिहा असं म्हटलं, कारण नंतर आलेलं मूल्य आधीच्याला खोडतं. वर लिहिलंत तर घरचा ईमेलच जिंकेल. विंडोजवर मोठ्या-लहान अक्षरांचा घोळ टाळायला 'गिटडिर' ऐवजी 'गिटडिर/आय' लिहा. आणि डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये) काम करत असाल तर तिथलं होम वेगळं, तिथली '.गिटकॉन्फिग' वेगळी. तिथेही हेच लिहावं लागेल.

खात्री करायची तर पोर्टलच्या आत उभं राहून:

गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल युजर.ईमेल

दोन ओळी येतील. प्रत्येकीच्या डावीकडे मूल्य कुठल्या फाइलीतून आलं ते, उजवीकडे ईमेल. खालची ओळ लागू. हीच आज्ञा 'काम/ग्राहक' मध्ये, पोर्टलच्या बाहेर उभं राहून दिलीत तर एकच ओळ येईल, कारण तिथे रेपोच नाही आणि अट रेपोच्या जागेवरून ठरते. लोक इथे फसतात आणि 'इन्क्लूडइफ चालत नाही' म्हणतात. ज्यांचे फोल्डर नीट लावलेलेच नाहीत त्यांच्यासाठी गिट २.३६ पासून रिमोटच्या (सर्व्हरवरच्या रेपोच्या) पत्त्यावरूनही अट घालता येते, 'हॅजकॉन्फिग:रिमोट.*.यूआरएल' अशी. पण फोल्डर लावणं सोपं.

झालेल्या कमिट्सचं काय? शेवटचं एखादंच असेल आणि पुश झालं (सर्व्हरवर गेलं) नसेल तर 'गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर'. पुश झालेल्यांना हात लावू नका. इतिहास पुन्हा लिहून दुसऱ्यांचे क्लोन बिघडवण्यापेक्षा रेपोच्या मुळाशी '.मेलमॅप' फाइल ठेवायला सांगा. दोन्ही ईमेल एकाच व्यक्तीचे, हे तिच्यावरून 'गिट शॉर्टलॉग' ला कळतं. आणि यापुढे घसरू नये म्हणून होममधला साधा ईमेल काढून टाका, 'युजर.यूजकॉन्फिगओन्ली' खरं करा आणि घरच्या प्रकल्पांसाठीही वेगळी इन्क्लूडइफ लिहा. मग अट न लागणाऱ्या जागी गिट स्वतः अंदाज बांधत नाही, सरळ कमिट नाकारतो. मला हा उर्मटपणा आवडतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सेटिंगने होत नाही. सामायिक लायब्ररीतला बदल आणि त्यासाठी बिलिंगमध्ये केलेला बदल ही दोन कमिट्सच राहणार. सोर्स कंट्रोलच्या खिडकीत चारही रेपो एकाखाली एक दिसतात म्हणून एका बटणात सगळं जाईल असं वाटतं. प्रत्येकाचा संदेश वेगळा, बटण वेगळं. दोन्ही संदेशांत एकच तिकीट क्रमांक लिहायची शिस्त लावा.

प्रश्न : पुण्यात दोन ॲप्सवर काम करतो, दोन्हींत आमची लायब्ररी सबमॉड्यूल (रेपोच्या आत बसवलेला दुसरा रेपो) म्हणून जोडली आहे. व्हीएस कोडमधून लायब्ररीत बदल केला, कमिट केलं, मग ॲपमध्ये कमिट करून पुश केलं. सहकाऱ्याने पुल करून (सर्व्हरवरचे बदल आणून) सबमॉड्यूल अपडेट केलं तर त्याच्याकडे ते कमिट सापडतच नाही म्हणे. माझ्याकडे तर सगळं हिरवं आहे.

उत्तर : तुमच्याकडे हिरवं असणारच, कमिट तुमच्याच यंत्रावर आहे. तुम्ही ॲप पुश केलं, लायब्ररी पुश करायची राहिली. ॲपच्या रेपोत लायब्ररीचा मजकूर नसतो, फक्त 'अमुक कमिट वापरा' असा क्रमांक असतो. तो क्रमांक सर्व्हरवर पोचला, कमिट पोचलं नाही.

'गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स चेक' एवढं करा. लायब्ररी पुश झाली नसेल तर ॲपचं पुश अडेल. 'चेक' ऐवजी 'ऑन-डिमांड' लिहिलंत तर गिट स्वतःच आधी लायब्ररी पुश करतो. मी 'चेक' घेते. लायब्ररी कधी बाहेर जाते हे मला कळलेलं बरं. दुसरं, 'सबमॉड्यूल.रिकर्स' खरं करा. मग पुल आणि ब्रँच बदलणं यांच्याबरोबर सबमॉड्यूलही जागेवर येतं. नव्या क्लोनला ते लागू नाही, तिथे '--रिकर्स-सबमॉड्यूल्स' हाताने द्यावं लागतं.

आता तुम्ही न विचारलेलं, पण पुढच्या आठवड्यात विचाराल ते. सबमॉड्यूल अपडेट केल्यावर लायब्ररी कुठल्याच ब्रँचवर नसते. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत ब्रँचच्या नावाऐवजी कमिटचा क्रमांक दिसतो, त्याकडे बघायची सवय लावा. तशा अवस्थेत केलेलं कमिट पुढच्या अपडेटनंतर नजरेआड होतं ('गिट रिफ्लॉग' मधून परत मिळतं, घाबरू नका). लायब्ररीत हात घालण्याआधी ब्रँच घ्या. आणि ॲपच्या '.गिट/कॉन्फिग' मध्ये लिहिलेला ईमेल लायब्ररीत उतरत नाही. सबमॉड्यूलचं कॉन्फिग वेगळं असतं, '.गिट/मॉड्यूल्स' च्या आत. मात्र तो '.गिट' फोल्डर ॲपच्याच पोटात असल्यामुळे वरच्या उत्तरातली 'गिटडिर' ची अट दोघांनाही लागते. एडिटरपुरतं सांगायचं तर व्हीएस कोड आपणहून १० सबमॉड्यूल्सपर्यंतच ओळखतो. अकरावं दिसत नसेल तर 'गिट.डिटेक्टसबमॉड्यूल्सलिमिट' वाढवा. अकरा सबमॉड्यूल्स असतील तर मात्र सेटिंग वाढवण्याआधी चहा घेऊन विचार करा.

प्रश्न : ताई, मी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्या गटाचे तीन प्रकल्प एका सामायिक ड्राइव्हवर आहेत. व्हीएस कोड म्हणतो की रेपो असुरक्षित आहे, मालक दुसरा आहे. मित्राने एक आज्ञा दिली, शेवटी तारा (*) असलेली. ती टाकली की सगळं चालतं. टाकू का?

उत्तर : नको टाकूस.

हा इशारा गिटने उगाच दिलेला नाही. एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ ही आवृत्ती आली ती याच दुरुस्तीसाठी. अडचण अशी होती: गिट चालू फोल्डरात '.गिट' सापडलं नाही की वर वर शोधत जातो. अनेकांच्या यंत्रावर कुणी वरच्या फोल्डरात आपलं '.गिट' ठेवलं तर तुझा गिट त्याचं कॉन्फिग वाचणार. आणि कॉन्फिगमध्ये नुसती आवडनिवड नसते, 'अमुक वेळी हा प्रोग्रॅम चालव' असंही लिहिता येतं. एडिटर तर मागे सतत गिटला हाका मारत असतो; तू काही टाइप न करताही तो प्रोग्रॅम तुझ्या नावाने चालला असता. तेव्हापासून रेपोच्या फोल्डरचा मालक दुसरा असेल तर गिट अडतो.

मित्राची तारा म्हणजे 'सगळंच सुरक्षित समज'. दार काढूनच ठेवण्यातला प्रकार. त्याऐवजी सोर्स कंट्रोलमध्ये 'मॅनेज अनसेफ रिपॉझिटरीज' हे बटण दिसेल, त्यातून फक्त तुमचे तीन रेपो निवड. तुझ्या '.गिटकॉन्फिग' मध्ये 'सेफ.डिरेक्टरी' च्या तीन ओळी पडतील. ही ओळ रेपोच्या आतल्या कॉन्फिगमध्ये लिहून उपयोग नाही, गिट ती तिथून मानतच नाही. मानली असती तर चोराने स्वतःच 'मी चोर नाही' लिहून ठेवलं असतं. लॅबचं यंत्र दुसऱ्याच्याही हाताखाली असतं, तेव्हा काम झालं की त्या तीन ओळी काढ. खरं सांगायचं तर सामायिक ड्राइव्हवर एकाच फोल्डरात तिघांनी काम करणं हेच बंद करा. ड्राइव्हवर 'गिट इनिट --बेअर' चा रेपो (ज्यात कामाच्या फाइली नसतात, फक्त इतिहास असतो) ठेवा आणि प्रत्येकाने आपापला क्लोन घ्या. सरांना विचारून.

प्रश्न : ऑफिसात निम्मे जण विंडोजवर, निम्मे लिनक्सवर. सामायिक लायब्ररीत एक ओळ बदलली तरी अख्खी फाइल बदललेली दिसते. कुणी 'फाइल्स.ईओएल' म्हणतं, कुणी 'ऑटोसीआरएलएफ'. दोन्ही करून झालं. (ठाणे)

उत्तर : दोन्ही प्रत्येकाच्या यंत्रावरची सेटिंग्ज आहेत, म्हणून दोन्ही फसतात. ओळ कशाने संपते (लिनक्सची खूण एलएफ, विंडोजची सीआरएलएफ) हा लायब्ररीचा नियम आहे, तो लायब्ररीबरोबरच फिरला पाहिजे. रेपोच्या मुळाशी '.गिटॲट्रिब्यूट्स' मध्ये '* टेक्स्ट=ऑटो ईओएल=एलएफ' ही एक ओळ, विंडोजच्या बॅच फाइलींसाठी 'ईओएल=सीआरएलएफ' ची वेगळी ओळ. मग 'गिट ॲड --रीनॉर्मलाइज .' आणि एक स्वतंत्र कमिट, ज्यात दुसरं काहीही नको. ते शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्यांची कामं पुश झाल्यावर करा, नाहीतर सोमवारी प्रत्येकाच्या ब्रँचवर भांडणं. जोडलेल्या प्रत्येक रेपोत ही फाइल ठेवायला हवी, एकातली दुसऱ्याला लागत नाही. 'फाइल्स.ईओएल' फक्त नव्या फाइलींपुरतं असतं.

प्रश्न : आम्ही इंटेलिजे हा एडिटर वापरतो. वरचं सगळं व्हीएस कोडवाल्यांचंच असतं, आमचं काय?

उत्तर : रुसू नका. तुमच्याकडे सेटिंग्जमध्ये 'व्हर्जन कंट्रोल' खाली 'डिरेक्टरी मॅपिंग्ज' हे पान आहे. कुठला फोल्डर कुठल्या व्हर्जन कंट्रोलखाली ते तिथे ओळीने लिहिलेलं दिसतं, अंदाज बांधावा लागत नाही. ते '.आयडिया/व्हीसीएस.एक्सएमएल' मध्ये साठतं आणि ती फाइल कमिट करायला हरकत नाही, शेजारची 'वर्कस्पेस.एक्सएमएल' मात्र तुमची खासगी, ती कमिट करू नका. शिवाय एक सोय अशी की जोडलेल्या सगळ्या रेपोंत एकाच नावाची ब्रँच एकदम काढता-बदलता येते. गिटच्या सेटिंग्जमध्ये 'सर्व मुळांवर ब्रँचची कामं करा' अशा अर्थाचा चौकोन आहे. जोडलेल्या प्रकल्पांसाठी ही फार कामाची गोष्ट आहे. ग्राहकाचा रेपो त्याच खिडकीत असेल तर मात्र चौकोन रिकामा ठेवा, नाहीतर तुमच्या ब्रँचचं नाव तिथेही उगवेल.

प्रश्न : इतकी यातायात करण्यापेक्षा सगळं एकाच रेपोत का टाकू नये? आम्ही चौघं, रेपो चार. (नागपूर)

उत्तर : टाका. चार जण, चार रेपो, आणि रिलीज नेहमी एकत्रच होत असेल तर वेगळे रेपो म्हणजे निव्वळ हौस. वेगळं ठेवायची कारणं मोजकी: कोड दुसऱ्याच्या मालकीचा आहे, कुणाला त्यातला काही भाग दिसता कामा नये, किंवा लायब्ररीची स्वतंत्र आवृत्ती बाहेरचे लोक वापरतात. गिटमध्ये वाचायची परवानगी रेपोला असते, आतल्या एका फोल्डरला नाही, म्हणून दुसरं कारण असेल तर वाद संपला.

एकत्र करताना फाइली उचलून चिकटवू नका, इतिहास जातो. मोठ्या रेपोत उभं राहून 'गिट सबट्री ॲड --प्रिफिक्स=लायब्ररी', पुढे जुन्या रेपोचा पत्ता आणि ब्रँच. लायब्ररीची जुनी कमिट्स त्याच रेपोत येतात. 'स्क्वॅश' हा पर्याय तेवढा देऊ नका, तो सगळ्यांचं एकच कमिट करून टाकतो. आधी लायब्ररी आणि तिच्यावर सर्वांत जास्त अवलंबून असलेलं ॲप, एवढे दोनच एकत्र करा. एक रिलीज तसं काढा, बिल्डच्या स्क्रिप्टमधले पाथ तुटतात ते दुरुस्त करा, मग तिसरा आणा. जुने रेपो पुसू नका, सर्व्हरवर फक्त वाचण्यापुरते करून ठेवा, आणि त्यांच्या रीडमीत नव्या जागेचा पत्ता लिहा.